उसन्या आवाजाची हॅचबॅक

जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची गोल्फ जीटीआय ही हॅचबॅक वेगाच्या शौकिनांची जुनी लाडकी. १९७६ मध्ये ११० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन ती बाजारात आली आणि घरगुती गाडीतही शर्यतीच्या गाडीची चुणूक असू शकते, हे तिने दाखवून दिले. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच केबिनमध्ये उठणारा भरदार घुमार हा या गाडीच्या आकर्षणाचा मोठा भाग आहे. मात्र २०११ च्या सुमारापासून विकल्या गेलेल्या अनेक जीटीआय गाड्यांत हा घुमार सगळाच इंजिनाचा नसतो. त्यातला बराचसा एका डबीतून येतो. साहजिकच, ही डबी गप्प कशी करायची, हा प्रश्न जीटीआयच्या मालकांमध्ये वारंवार चर्चिला जातो.

या डबीचे नाव 'साउंडआक्टोर'. मुठीत मावेल एवढी ही काळी, गोल वस्तू बोनेटखाली, समोरच्या काचेच्या बुडाशी बसवलेली असते. आत चुंबक आणि तारेचे वेटोळे. म्हणजे रचना लाऊडस्पीकरचीच, फक्त त्याचा कागदी पडदा काढून टाकलेला. पडद्याचे काम गाडीचा सांगाडा आणि काच करतात. इंजिनाचे फेरे किती, त्यावर भार किती, ही माहिती गाडीच्या अंतर्गत संगणकजालातून एका छोट्या नियंत्रकाकडे जाते. त्यानुसार तो आधीच साठवलेल्या आवाजातून योग्य तो निवडून डबीला थरथरवतो. ही थरथर पत्र्यातून केबिनमध्ये पोहोचते आणि चालकाला वाटते, इंजिन गर्जते आहे.

हा खटाटोप करण्याची वेळ का आली? कारण आजची इंजिने मुकी होत चालली आहेत. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३,००० फेरे असतील, तर सेकंदाला १०० स्फोट. या ठोक्यांतूनच इंजिनाचा स्वर घडतो. टर्बोचार्जर आला की बाहेर पडणारा वायू आधी त्याच्या पात्यांवर आदळतो आणि ठोक्यांची धार तिथेच बोथट होते. युरोपात रस्त्यावरील आवाजाच्या मर्यादा कडक होत गेल्या आणि २०१८ पासून अनेक पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये सूक्ष्म कण अडवणारी गाळणीही आली. त्यात केबिन शांत असावी, हा ग्राहकाचाच आग्रह! एकीकडे शांतता विकायची आणि दुसरीकडे गर्जनाही, अशी ही कसरत आहे.

फोक्सवॅगन यात एकटी नाही. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-५ मध्ये इंजिनाचा आवाज चक्क म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरमधून ऐकवला. रेनोने २०१३ च्या क्लिओ आरएसमध्ये तर आवाजांची निवडच पुढे केली. छोट्या हॅचबॅकमध्ये बसून निसान जीटी-आरची डरकाळी ऐकावी! तो निदान उघड खेळ होता. २०१५ च्या जानेवारीत 'वॉशिंग्टन पोस्ट'ने या कृत्रिम आवाजांवर मोठा लेख छापला, तेव्हा खरा वादाचा मुद्दा लपवाछपवीचा होता. उसने अवसान आणण्यात गैर काही नसेलही, पण ते उसने आहे, हे पैसे मोजणाऱ्याला ठाऊक असावे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. अनेक चालक गिअर कधी बदलावा, हे मीटर पाहून नव्हे, कानाने ठरवतात, आणि डबीचा आवाज खऱ्या फेऱ्यांनाच धरून असतो. शिवाय 'नैसर्गिक' आवाज तरी कितपत नैसर्गिक? फोर्डच्या फोकस एसटीमध्ये हवा खेचण्याच्या मार्गातील खरा आवाज एका नळीतून आणि पडद्यातून केबिनकडे वळवला जात असे. तिथे ध्वनी घडवला होता, पण तो त्याच क्षणी, त्याच इंजिनात जन्मलेला होता. साठवलेला आवाज वाजवणे हे त्यापुढचे पाऊल आहे आणि रेषा ओढायचीच, तर ती इथे ओढावी लागेल.

मालकांची तक्रार मात्र तात्त्विकतेपेक्षा कानाची अधिक आहे. महामार्गावर एकाच वेगाने तासन् तास जाताना हा घुमार डोके उठवतो. २,५०० फेऱ्यांना मूळ स्वर सेकंदाला सुमारे ८३ कंपनांचा पडतो. बंद केबिनमध्ये हे खोल स्वर घुमतात आणि टाळता येत नाहीत.

तो बंद करण्याचे मार्ग तीन. ज्या गाड्यांत चालनपद्धती निवडण्याची सोय आहे, त्यांत 'इंडिव्हिज्युअल' पर्यायात जाऊन इंजिनाचा आवाज सौम्य करता येतो. सुरुवात इथूनच करावी. दुसरा मार्ग निदान-सॉफ्टवेअरचा. व्हीसीडीएससारख्या साधनाने आवाजाच्या नियंत्रकात शिरून पातळी १०० वरून ० वर आणता येते. तिसरा सर्वांत सरळ, म्हणजे डबीची जोडपिन काढून ठेवणे. त्यासाठी काही गाड्यांत वायपरखालचे प्लॅस्टिकचे आवरण हलवावे लागते आणि नियंत्रकात बिघाडाची नोंद होऊ शकते. म्हणून वॉरंटीतील गाडीसाठी पहिले दोन मार्ग बरे. वायर कापण्याचा अविचार कुणी करू नये. इंजिनाची शक्ती किंवा इंधनाचा खप यांत या उपायांनी काहीही फरक पडत नाही.

गाडीबाहेर ऐकू येणाऱ्या कृत्रिम आवाजाची गोष्ट वेगळी. विजेवरच्या गाड्या हळू चालताना जवळजवळ नि:शब्द असतात, म्हणून पादचाऱ्यांच्या, विशेषत: अंधांच्या सुरक्षिततेसाठी युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा सर्व नव्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत इशाऱ्याचा आवाज सक्तीचा केला. तो बंद करणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. साउंडआक्टोर फक्त आत बसलेल्यांसाठी वाजतो. त्याला गप्प करण्याचा अधिकारही त्यांचाच.

२०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आयात होऊन भारतातही मोजक्या संख्येने आली. परदेशात किंवा पुढेमागे इथे जुनी जीटीआय घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की गाडी अपेक्षेपेक्षा शांत भासली, तर इंजिन थकले असा निष्कर्ष काढण्याआधी काचेखालची ती पिन जागेवर आहे का, हे पाहावे.