निरोप कोणी आणला?

‘निरोप’ हा शब्द आता घराघरांतून मागे पडला आहे. त्याची जागा ‘मेसेज’ने घेतली. पूर्वी निरोप आला की घरातली वडीलधारी माणसे आधी विचारीत, ‘कोण घेऊन आलं?’ आज आपण एवढेच पाहतो, ‘आला का?’ या दोन प्रश्नांमध्ये फार मोठा फरक आहे.

प्रवासी इब्न बतूता १३३३ साली हिंदुस्थानात आला. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाच्या टपालाचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. पायी धावणाऱ्या हरकाऱ्याच्या एका हातात पत्र असे आणि दुसऱ्या हातात तांब्याची घुंगरे बांधलेली काठी. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढच्या चौकीवरचा माणूस तयार होई आणि पत्र घेऊन धावू लागे. हे टपाल घोड्यांच्या टपालापेक्षाही वेगवान होते, असे तो लिहितो. तेव्हा निरोप म्हणजे कोणाच्या तरी हातातली अमानत होती.

बोललेल्या शब्दांबाबत हीच काळजी हदीसच्या विद्वानांनी घेतली. पैगंबर मुहम्मद (स.) यांचे एखादे वचन कानी आले की ते कोणी कोणाकडून ऐकले, याची पूर्ण साखळी ते तपासत. या साखळीला ‘इस्नाद’ म्हणतात. सांगणारा सचोटीचा आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याची आणि याची भेट होणे शक्य होते का, असे प्रश्न विचारले जात. काहींनी खोट्या साखळ्याही रचल्या. म्हणूनच कथनकर्त्यांच्या चरित्रांचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. इमाम बुखारी (निधन इ.स. ८७०) यांचे नाव या कामासाठी आजही आदराने घेतले जाते.

पुढे तारयंत्र आले. १८५५ साली हिंदुस्थानात तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. आता शेकडो मैलांवरचा निरोप त्या वाटेवर कोणी न चालताही पोहोचू लागला. पैसे शब्दांवर मोजले जात, त्यामुळे सलाम-दुआ, खुशाली सारे गळाले आणि नेमके तेवढेच उरले. दारात तारवाला दिसला की न वाचताच घरात रडारड सुरू होई. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

१९४८ साली अमेरिकेतील गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. संदेशाचा अर्थ काय, हा अभियंत्याचा प्रश्नच नाही. पाठवलेले पलीकडे जसेच्या तसे उतरले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. अभियंत्यासाठी तो योग्यच होता. आपला मोबाइल त्याच पायावर चालतो. पण यंत्र खरे-खोटे पाहत नाही; खोटी बातमीही ते तितक्याच इमानदारीने पोहोचवते.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षुक होते आणि त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात असा संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली.

पण खूण एवढेच सांगते की संदेश दुसरीकडून आला आहे. कोणाकडून, हे ती सांगत नाही. ते विचारणे आपले काम आहे. कोणी बातमी आणली तर आधी खात्री करून घ्या, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे.

हे घरातूनच सुरू करता येईल. कुटुंबाच्या ग्रुपवर बातमी आली की मुलांसमोर मोठ्याने विचारावे: ही कोणी पाहिली? तुला कोणी सांगितले? त्याला कोणी? साखळी जिथे तुटेल, तिथेच तो संदेश थांबवावा. आपल्या बोटाने पुढे गेलेल्या प्रत्येक निरोपाचे हरकारे आपणच असतो.