लकवा म्हणजे साहेबांचा आजार?

"एवढी जबाबदारी, एवढं टेन्शन, मग लकवा मारणारच!" एखादा बडा अधिकारी आजारी पडला की हे हमखास ऐकू येतं. त्याच कंपनीच्या गेटवरचा वॉचमन कोसळला, तर "पीत असेल" म्हणून विषय संपतो. हे ऐकून चीड येते, कारण पुरावा बरोबर उलटं सांगतो.

ताण केवळ जबाबदारीने मोजत नाहीत. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये दोन प्रश्न एकत्र विचारले: कामाचा रेटा किती, आणि ते काम कसं करायचं हे ठरवणं किती आपल्या हातात? रेटा प्रचंड आणि हातात काहीच नाही, ही जोडी सगळ्यात वाईट. 'न्यूरॉलॉजी' नियतकालिकात 2015 साली सहा अभ्यासांतील 1,38,782 लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. अशा कामांत स्ट्रोकचा, म्हणजे लकव्याचा, धोका 22 टक्के जास्त आढळला; रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या स्ट्रोकचा 58 टक्के. या गटातली उदाहरणं? हॉटेलात जेवण वाढणाऱ्या बायका, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मदतनीस. डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर यांनाही कामाचा रेटा असतोच, पण निर्णय बऱ्याच अंशी त्यांच्या हातात असतात. त्यांच्या गटात धोका वाढलेला दिसला नाही.

22 टक्के म्हणजे शंभरातल्या बावीस जणांना स्ट्रोक होतो असं नव्हे. हजारात दहा जणांना होणार असेल, तर साधारण बारा जणांना होईल, एवढाच त्याचा अर्थ.

तासांचा हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मांडलं, की आठवड्याला 55 किंवा जास्त तास राबणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. गेटवरच्या त्या वॉचमनची बारा तासांची ड्यूटी, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे 72 तास. त्यात झोप अपुरी, जेवण अवेळी, जागं राहायला तंबाखू. बीपी हे स्ट्रोकचं सर्वांत मोठं कारण, पण ते तपासायचं कधी? ओपीडी सकाळी, ड्यूटीही सकाळी, आणि खाडा केला की पगार कापला जातो. अशा माणसाला "टेन्शन घेऊ नका" सांगणं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. अंगमेहनत करणाऱ्याला बीपी होत नाही: होतं, आणि बहुतेकदा काहीच त्रास न देता वाढतं. लकवा म्हातारपणीच येतो: चाळिशीच्या आतही येतो. गार वारं लागून अर्धं अंग जातं: नाही, मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. कबुतराचं रक्त चोळून गुण येतो: मुळीच नाही, उलट मोलाचा वेळ जातो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.