नेता गेल्यानंतरचे मत

आदराचा नेता निवडणुकीच्या तोंडावर गेला की दुःख अनेकांना होते, पण त्या दुःखाचे मत होईलच असे नाही. मतदारसंघाची हद्द, निवडणुकीचा कायदा आणि पक्षाने कोणाला उभे केले, या तीन गोष्टींतून ते दुःख वाट काढत मतपेटीपर्यंत पोहोचते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २०२० साली हे स्पष्ट दिसले.

१७ जुलै २०२० रोजी खासदार जॉन लुइस यांचे कर्करोगाने निधन झाले. १९८७ पासून ते अटलांटा शहराचा समावेश असलेल्या पाचव्या मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथील पुलावर, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात पोलिसांनी त्यांचे डोके फोडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. त्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे देणारे जेम्स लॉसन १९५०च्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीविचार त्यांनी तिथे जवळून अभ्यासला. लुइस यांच्या आयुष्याचा एक धागा असा विदर्भापर्यंत येतो, आणि मराठी वाचकाने तो माहीत करून घ्यावा इतका तो मोलाचा आहे.

अटलांटाच्या उत्तरेचे अल्फारेटा लुइस यांच्या मतदारसंघात नव्हते. सुमारे ६५ हजार वस्तीचे, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे हे शहर तेव्हा सहाव्या मतदारसंघात होते. तिथे आणि शेजारच्या जॉन्स क्रीक, फोर्साइथ काउंटी भागात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांत मराठी घरेही आहेत. कामाच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर राहणाऱ्यांना मत नसते. ज्यांना नागरिकत्व मिळाले आहे त्यांनाही लुइस यांच्या जागी कोण यावे हे ठरवता येणार नव्हते.

ती जागा भरण्याची रीतही सरळ नव्हती. लुइस जूनमध्येच पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकले होते. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांच्या नावाऐवजी दुसरे नाव देण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडे जेमतेम तीन दिवस होते. २० जुलै रोजी पक्षाच्या समितीने निकिमा विल्यम्स यांची निवड केली. उरलेल्या थोड्या मुदतीसाठी वेगळी निवडणूक झाली आणि तिची दुसरी फेरी डिसेंबरमध्ये क्वान्झा हॉल यांनी जिंकली. एकाच नेत्याचे दोन उत्तराधिकारी झाले: मोठ्या मुदतीसाठी पक्ष समितीने पुढे आणलेल्या विल्यम्स, आणि काही आठवड्यांसाठी मतदारांनी थेट निवडलेले हॉल.

अल्फारेटाच्या मतदारापर्यंत लुइस यांचा वारसा पोहोचला तो दुसऱ्या मार्गाने. ३० जुलैला एबनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये अंत्यविधी झाला, त्याच दिवशी त्यांचा अखेरचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला. मतदान हे अहिंसक बदलाचे सर्वांत प्रभावी साधन आहे, असे त्यांनी त्यात बजावले होते. त्या चर्चचे पाद्री राफेल वॉर्नॉक स्वतः सिनेटचे उमेदवार होते आणि सिनेटच्या दुसऱ्या जागेचे उमेदवार जॉन ऑसॉफ यांनी तरुणपणी लुइस यांच्या कार्यालयात काम केले होते. सिनेटची निवडणूक राज्यभर होत असल्याने ही दोन नावे अल्फारेटाच्या मतपत्रिकेवरही होती. लुइस यांच्यासाठी मत देता येत नव्हते, त्यांच्याशी जोडलेल्या माणसांना देता येत होते.

नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बायडन यांनी जॉर्जिया ११,७७९ मतांनी जिंकले. ते आघाडीवर गेले ती मते क्लेटन काउंटीतली होती आणि तिचा काही भाग लुइस यांच्या मतदारसंघात येत होता, म्हणून अनेकांनी या विजयात त्यांचा हात पाहिला. भावना समजण्यासारखी आहे, पण टपाली मते उशिरा मोजली गेली म्हणून तो क्रम तसा आला. नोंदणीच्या वर्षानुवर्षांच्या मोहिमा आणि उपनगरांचा बदललेला कल यांचा वाटा कोणत्याही एका निधनापेक्षा मोठा होता. सिनेटच्या ५ जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या फेरीत वॉर्नॉक सुमारे ९३ हजार आणि ऑसॉफ सुमारे ५५ हजार मतांनी निवडून आले. मतदान हाच ज्यांच्या आयुष्याचा विषय होता, त्या लुइस यांच्या जाण्याने मतदान केंद्रापर्यंत जाण्याची निकड वाढली असावी. मात्र ती किती मतांची होती हे मोजून सांगता येत नाही.

मरण स्मरणशक्तीवरही काम करते. जॉन केनेडी यांना १९६० मध्ये निम्म्याहून किंचित कमी मते पडली होती. १९६३ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर पाहणीत जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी आपण त्यांनाच मत दिल्याचे सांगितले. गेलेल्या नेत्याशी आपले नाते जुने होते असे माणसाला मनापासून वाटू लागते. तरी त्या आठवणीला मर्यादा असतात. केनेडींचा नागरी हक्कांचा वारसा पुढे नेणारे त्यांचे उत्तराधिकारी जॉन्सन १९६४ मध्ये प्रचंड बहुमताने जिंकले, पण जॉर्जियाने त्या वर्षी इतिहासात पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. शोक सगळ्या देशाला झाला होता, तो वारसा मात्र जॉर्जियाच्या बहुसंख्य मतदारांना नको होता.

भारतात निधनानंतरच्या सहानुभूतीचे ठळक उदाहरण १९९१ चे आहे. लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा २० मे रोजी पार पडला आणि दुसऱ्याच दिवशी राजीव गांधींची हत्या झाली. जूनपर्यंत पुढे ढकललेल्या मतदानात काँग्रेसची कामगिरी पहिल्या टप्प्यापेक्षा बरीच सुधारली. महाराष्ट्रात ही सहानुभूती बहुधा घराण्याच्या वाटेने चालते. गोपीनाथ मुंडे जून २०१४ मध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे बीडमधून ६,९६,३२१ मतांनी विजयी झाल्या. राष्ट्रवादीने तिथे उमेदवार दिला नव्हता, हेही त्या आकड्याइतकेच ध्यानात ठेवावे लागते. पालघरला २०१८ मध्ये उलटे घडले. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले आणि वडिलांच्याच पक्षाच्या, म्हणजे भाजपच्या, राजेंद्र गावितांकडून सुमारे २९ हजार मतांनी हरले. वारस आणि पक्ष यांची ताटातूट झाली की सहानुभूतीही वाटली जाते.

पुण्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोटनिवडणुका एकाच दिवशी झाल्या. कसबा पेठेत मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर भाजपने घरातल्या कोणालाही उमेदवारी दिली नाही. जवळजवळ तीन दशके ताब्यात असलेली जागा काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी सुमारे ११ हजार मतांनी घेतली. चिंचवडला भाजपचे दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप पक्षाकडून विजयी झाल्या. एवढ्यावरून घरातल्या उमेदवारीनेच फरक पडला असे वाटेल, पण कसब्यात लढत सरळ होती, तर चिंचवडमध्ये राष्ट्रवादीचे नाना काटे यांना सुमारे ९९ हजार आणि विरोधी आघाडीतील बंडखोर राहुल कलाटे यांना सुमारे ४४ हजार मते मिळाली. दोघांची बेरीज जगताप यांच्या सुमारे १ लाख ३५ हजारांहून जास्त होती.