खेळ आणि पडदा – लेखांक सातवा : ताबा कोणाकडे?

मालिकांच्या शेवटावरून रसिकांत माजणाऱ्या तंट्यांचा परामर्श गेल्या लेखांकात घेतला. या खेपेस विचारार्थ घेतलेला तंटा एकाच कथेवरून दोनदा झाला, एकदा ती खेळ असताना आणि एकदा ती मालिका झाल्यावर. कॅलिफोर्नियातील नॉटी डॉग या संस्थेने १४ जून २०१३ रोजी प्लेस्टेशन ३ साठी प्रसिद्ध केलेला ‘द लास्ट ऑफ अस’ हा तो खेळ. आणि त्याचा लेखक नील ड्रकमन याने ‘चेर्नोबिल’चा कर्ता क्रेग मेझिन याच्यासह रचलेली, एचबीओने १५ जानेवारी २०२३ पासून दाखविलेली ती त्याच नावाची मालिका.

कॉर्डिसेप्स नामक बुरशीने मनुष्यजातीचा उच्छेद मांडलेल्या अमेरिकेत, स्वतःची कन्या गमावलेला जोएल हा प्रौढ गृहस्थ, त्या बुरशीची बाधा न होणाऱ्या एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला बोस्टनहून निघून, फायरफ्लाय म्हणविणाऱ्या बंडखोरांच्या सॉल्ट लेक सिटीतील रुग्णालयापर्यंत पोचवितो; लस सिद्ध करण्यासाठी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होऊन ती मरणार असे तेथे कळताच शस्त्रवैद्यासकट अनेकांना ठार करून तिला उचलून आणतो, आणि ती शुद्धीवर आल्यावर तिला धादांत खोटे सांगतो.

जोएलने केले ते न्याय्य की अन्याय्य, हा प्रश्न रसिक आजतागायत चघळीत आहेत. त्याचे वकीलपत्र घेणारे म्हणतात की बुरशीजन्य रोगांवर मनुष्यासाठी मान्यताप्राप्त लस वास्तवात आजवर एकही निघालेली नाही, तेव्हा तीच नेमकी निघाली असती याची हमी कोणी द्यावी, आणि बेशुद्ध मुलीची संमती तरी कोणी घेतली होती? प्रतिपक्षाचा जबाब असा की विचारले असते तर एलीने होकारच दिला असता, हे जोएल जाणून होता, आणि म्हणूनच त्याला खोट्याचा आश्रय करावा लागला. दोन्ही कैफियती इतक्या मुद्देसूद आहेत की त्या वादात, निदान मला तरी, आता फारसा राम दिसत नाही. कोणत्या घटकेला कोणत्या पात्राचा ताबा खेळणाराच्या हाती दिला जातो, याकडे पाहू लागले म्हणजे मात्र या रचनेची खरी खुबी ध्यानी येते.

प्रारंभी हा ताबा जोएलकडे नसून त्याच्या मुलीकडे, सारा हिच्याकडे आहे. मध्यरात्री जागी होऊन घरभर बापाला शोधीत फिरणारी ती मुलगी आपणच चालवितो, आणि थोड्याच वेळात जोएल होऊन तिला उचलून पळतो. शेवटी रुग्णालयात एलीलाही तसेच उचलून पळावयाचे असते. परंतु तत्पूर्वी हाती छोटी सुरी घेऊन आडवा उभा राहिलेला शस्त्रवैद्य समोर येतो, आणि त्याला मारल्यावाचून कथा तसूभरही पुढे सरकत नाही. दोन सहायकांना जीवदान देण्याची मुभा आहे, वैद्याला नाही. निवडीचा अखत्यार काढून घ्यावयाचा आणि कृत्य मात्र खेळणाराच्याच बोटांनी करवून घ्यावयाचे, असा हा हुकूम आहे. उलट फायरफ्लायांची नायिका मार्लीन हिचा वध आपल्या हातून काढून घेऊन केवळ दाखविला जातो. आणि अखेरच्या प्रसंगी, जॅक्सन गावालगतच्या वाटेवर, ताबा येतो तो एलीकडे: ज्याचे खोटे आपणच तडीस नेले त्याच्या मागून आपण फसविली गेलेली मुलगी होऊन चालतो, तिने मागितलेली शपथ तो खोटी घेतो, आणि ती ‘ठीक आहे’ एवढेच म्हणते. याहून क्रूर हस्तांतरण मी अन्य कोणत्याही खेळात पाहिलेले नाही.

मालिकेला हे साधन उपलब्धच नाही. तेथील प्रेक्षक फार तर साक्षीदार. म्हणून रुग्णालयातील हत्याकांडाचे आवाज मंदावून त्यावर शोकसंगीत पसरले जाते, आणि तिसऱ्या भागात, खेळामध्ये ज्याचे प्रेत आणि बिल या आपल्या सहचराविषयी कटुतेने लिहिलेली चिठ्ठी एवढेच हाती लागते त्या फ्रँकला, बिलच्या सहवासात सबंध आयुष्य बहाल केले जाते. कथा आडरानात नेल्याची फिर्याद कित्येक रसिकांनी केली. मला ती मान्य नाही, कारण ज्याच्या हातांना काम नाही त्याला काळ तरी द्यावयास हवा.

१९ जून २०२० रोजी निघालेल्या दुसऱ्या खेळात ताब्याचे हे शास्त्र परमावधीला गेले. जोएलचा निर्घृण वध करणारी ॲबी पुढे अर्ध्या खेळापुरती आपल्याच स्वाधीन केली जाते, आणि ती त्याच शस्त्रवैद्याची कन्या असल्याचे तेव्हा कुठे उमगते. सात वर्षांपूर्वी आपण ज्याला अनामिक समजून मारले, त्याला घर होते. संताप अनावर झाला: वीस-पंचवीस तासांचा खेळ पुरा होणे अशक्य असताना पहिल्याच दिवशी हजारो रसिकांनी त्याला नीचांकी गुण दिले, आणि ॲबीला वाणी देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, ज्याचे समर्थन कोणत्याही रसिकतेने होत नाही.

२०२५ च्या दुसऱ्या पर्वात मालिकाकारांनी क्रमच उलटविला. ॲबीच्या सुडामागचे जे गुपित खेळ कित्येक तास जपतो, ते येथे आरंभीच, मारल्या गेलेल्या फायरफ्लायांच्या थडग्यांपाशी उभ्या असलेल्या ॲबीच्या मुखाने फोडले जाते, कारण अनोळखी मारेकरणीचे शरीर प्रेक्षकाच्या स्वाधीन करणे मालिकेला शक्य नव्हते. तिची फिर्याद आधी ऐकविणे तेवढे शक्य होते. पर्व संपताना काळ मागे फिरतो, सिअ‍ॅटलमधील पहिला दिवस ॲबीच्या बाजूने पुन्हा सुरू होतो, आणि तेथेच पडदा पडतो. तिसरे पर्व हाती आल्यावर त्याचा समाचार याच लेखमालेत घेऊ.