डोंगरातली चिखलधाव : पाय राखा, बांधही राखा

पाऊस सुरू झाला की सह्याद्रीच्या पायवाटांवर गुराख्यांच्या जोडीला आता धावणारेही दिसू लागले आहेत. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेने १६६० सालच्या त्या रात्रीची आठवण म्हणून दर जुलैत जथेच्या जथे चालत जातात. डोंगरात धावण्याच्या शर्यतीही ठिकठिकाणी भरतात. भरतीची तयारी करणारी गावातली पोरं त्यात हौसेनं नाव घालतात. हौस चांगलीच, पण सडकेवरचा सराव वेगळा आणि चिखलातला उतार वेगळा. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याच्या महिनाभर आधी घोटा मुरगळला, तर वर्ष गेलेच म्हणून समजा.

शेतकऱ्याचा खेळ

हा खेळ शहरी लोकांचा, असे मानू नका. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ, पावसाळी भागात तो फार जुना आहे. तिथल्या वास्डेल खोऱ्यातले जॉस नेलर (१९३६-२०२४) हे मेंढ्या पाळणारे साधे शेतकरी. १९७५ साली त्यांनी चोवीस तासांच्या आत ७२ शिखरे पायाखाली घातली. मेंढ्यांमागे डोंगर चढणे-उतरणे हे त्यांचे रोजचेच काम होते. आपल्या धनगरवाड्यांवरच्या पोरांना हे वेगळे सांगायला नको.

धावताना काय कराल?

उभ्या चढाला धावू नका. गुडघ्यांवर हात टेकून भरभर चाला. मुरलेले धावपटूही तेच करतात. उतारावर गुडघे किंचित वाकवून आखूड पावले टाका. नजर तीन-चार पावले पुढे ठेवा. चिखलापेक्षा शेवाळलेला कातळ जास्त दगा देतो. तळव्याला खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट मातीत पकड धरतात, पण ओल्या दगडावर सटकतात, हे ध्यानात ठेवा. बुटाची नाडी दुहेरी गाठ मारून आवळा, नाहीतर चिखल बूट ओढून घेतो. नखे कापा, बोटांना खोबरेल तेल चोळा, म्हणजे फोड कमी येतील.

पावसात तहान कळत नाही, पण घाम जातोच. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे प्या. चमचा चहाचा घ्या. ओढ्याला गढूळ लोंढा आला असेल तर पलीकडे जायचा हट्ट करू नका. वीज कडाडू लागली की माथा सोडून खाली या. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

जखम झाकून ठेवा

उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून अंगात शिरतात. लावणीला चिखलात उभे राहणाऱ्यांना हा धोका असतो, तसाच धावणाऱ्यालाही. पायाला जखम असेल तर नाव काढून घ्या. धावून आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे असे काही दिसले तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि चिखलात धावलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेवर औषध मिळाले तर माणूस बरा होतो.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी काय पाहावे?

शर्यतीची वाट ठरवण्याआधी ज्याच्या रानातून ती जाते त्याला विचारा. ऐन लावणीत भाताच्या बांधावरून शंभर माणसे गेली की बांध फुटतो. खाचरातले पाणी जाते आणि पाण्याबरोबर दिलेला युरियाही जातो. वाट पाणंदीतून काढा. रान वनखात्याचे असेल तर त्यांची परवानगी आधी घ्या.

आणखी एक गोष्ट. वाटेत चिखल आला की धावणारा कडेने जातो. मागचा आणखी कडेने. अशाने हातभर रुंदीच्या वाटेची गाडीवाट होते, गवत मरते, माती उघडी पडते. उतारावर त्याच चाकोरीतून पाणी धावते आणि घळ पडते. म्हणून सगळ्यांना आधीच बजावा : चिखल टाळायचा नाही, चिखलातूनच जायचे.

बुटांच्या चिखलाचेही पाहा. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची मोठी साथ आली. साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली. डोंगरवाटा बंद झाल्या, शर्यती रद्द झाल्या. कारण हा रोग बुटांच्या, चाकांच्या चिखलातूनही एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. आपल्याकडे हा रोग नवा नाही. तेव्हा सुरुवातीला आणि शेवटी बूट धुण्यासाठी पाणी आणि ब्रश ठेवा. गावात साथ असेल तर शर्यत पुढे ढकला. जनावरांना लस टोचून घ्या, ते तर केलेच पाहिजे.

पोरांना धावू द्या. मात्र शर्यत संपल्यावर सरपंचांनी आणि शर्यत भरवणाऱ्यांनी मिळून एकदा सारी वाट फिरून पाहावी. फुटलेला बांध त्याच दिवशी, पाणी वाहून जायच्या आत, घालून द्यावा.