विमानांतून जमिनीची ओल

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला कीं मेहकरच्या शिवारांत एकच प्रश्न असतो: ओल किती खोल गेली? आम्ही आजवर कुदळीनें खणून, मूठभर माती दाबून तें पाहत आलों. तीच ओल विमानांतून अथवा उपग्रहावरून, मातीस हात न लावतां मोजतां येते, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. पण यांत चमत्कार कांहीं नाहीं.

प्रत्येक वस्तु, तशीच जमीन, आपल्या उष्णतेनुसार डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म लहरी सतत बाहेर टाकीत असते. कोरडी माती त्या सढळपणें सोडते, भिजलेली माती कंजूषपणें. म्हणून ओलें रान यंत्राला 'थंड' दिसतें. हा लहरमापक स्वतः कांहींच पाठवीत नाहीं, केवळ ऐकतो. सुमारें २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांतूनही आरपार येतात, त्यामुळें ऐन पावसाळ्यांतही काम चालतें.

७ जून १९७९ रोजीं सोडलेल्या भारताच्या 'भास्कर-१' उपग्रहावर लहरमापक होता. तो मुख्यतः समुद्र व हवेंतील बाष्प पाहण्यासाठीं. अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांत १९९७ च्या जून-जुलैंत विमानांतून मोठ्या मुलुखाच्या ओलीचे नकाशे झाले. एकेक चौकोन सुमारें ८०० मीटरांचा. त्याच वेळीं खालीं माणसें शेतांतून माती काढून, भट्टींत वाळवून तोलीत होतीं! यंत्राची परीक्षा शेवटीं तराजूवरच झाली, हें आम्हांस फार आवडलें.

२०१५ सालीं सोडलेल्या 'स्मॅप' उपग्रहाची नजर मात्र एका वेळीं सुमारें ४० किलोमीटरांचा टापू घेते. मेहकर व लोणार त्यांत एकत्र मावतील. आणि पैनगंगेच्या एका कांठीं पाऊस व दुसऱ्या कांठीं धूळ, हा तर आमचा नेहमींचा अनुभव. शिवाय या लहरींना वरची जेमतेम ५ सेंटिमीटर माती कळते, आणि पीक दाट झालें कीं तीही झांकली जाते.

आमची खरी अडचण येथेंच आहे. भारी काळ्या जमिनींत वरचा थर भिजला आणि खालीं कोरडें राहिलें, तर सोयाबीन उगवून करपतें, बियाणें जातें व दुबार पेरणी कपाळीं येते. एके वर्षीं दोन बोटें ओलीवर तिफण घालून आम्हीं हा दंड भरला आहे. तालुक्यावर कोरड पसरत आहे काय, हें अशा नकाशांवरून कळेल. आपल्या वावरांत तिफण घालावी कीं नाहीं, हें कळणार नाहीं. त्यासाठीं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याची खात्री करून घ्यावी, आणि वावरांत चार ठिकाणीं वीतभर खणून खालच्या मातीचा मुठींत गोळा होतो कीं नाहीं तें पाहावें.