पुराला वाट द्या, नाहीतर तो वावरातून काढतो
पाऊस, पाणी आणि वावर : लेखांक ६

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात पुराचे पाणी दिवसच्या दिवस का तुंबते, ते मागच्या लेखात पाहिले. आज त्याच पाण्यामागे डोंगराकडे जाऊ. पातूर तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून आहे. मोर्णा आणि निर्गुणा या नद्या इथूनच उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. दोन्हींवर धरणे आहेत, पण धरणाखाली मिळणाऱ्या नाल्यांना अडवणारे काही नाही.

इथला पूर काही तासांचा असतो. खाली खारपाणपट्ट्यात पिकाची मुळे हवेवाचून गुदमरतात. इथे धुरा फुटतो आणि वरची सुपीक माती वाहून जाते. बुडालेले पीक एका हंगामाचे असते, खरडलेली जमीन भरून यायला मात्र वर्षे लागतात.

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. तो दिवसभर रिपरिपत पडला की दोन तासांत कोसळला, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्यात काळ्या मातीचा स्वभाव आडवा येतो. जूनमध्ये ती भेगाळलेली असते, पाणी पिऊन घेते. ऑगस्टपर्यंत फुगून भेगा मिटतात आणि तेवढाच पाऊस सरळ नाल्याला लागतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे ‘चांगला पाऊस’ आणि ‘घातक पाऊस’ यांतले अंतर कमी होत चालले आहे.

यावर वऱ्हाडात रुळत असलेले उपाय साधे आहेत. पहिला, उताराला आडवी पेरणी. दुसरा, डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडणे. याला वेगळा खर्च जवळपास नाही. तिसरा, सोयाबीनची पट्टापेर : दर सहा ओळींनंतर सातवी रिकामी ठेवून तिथे सरी काढायची. चौथा, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने पेरणी. शेवटच्या तिन्ही उपायांत सरी दुहेरी काम करते. पावसाने ताण दिला तर ओल धरते, जास्त झाला तर पाणी बाहेर काढते. तुरीला पाणी साचलेले अजिबात चालत नाही, म्हणून तिची ओळ सरीलगत उंचावर घेतलेली बरी.

पण सरीतले पाणी जाणार कुठे? खालच्या शेजाऱ्याच्या वावरात सोडले, तर एकाचा उपाय दुसऱ्याचा पूर होतो आणि भांडण धुऱ्यावर येते. नाल्याचा काठ वाहितीत घेतल्याने पात्र अरुंद होते, ते वेगळेच. पेरणी ज्याची त्याने करावी. नाल्याचे पात्र, त्याच्या काठचे गवत आणि सऱ्यांचे तोंड कुठे उघडायचे, हे मात्र एका नाल्यावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवायला हवे. तेही मृगाआधी, कारण पेरणी झाली की कुणी एक ओळही सोडायला तयार नसतो.

इतके करूनही नुकसान झाले, तर सरकारी मदतीसाठी पिकाची हानी किमान ३३ टक्के असावी लागते. ती मोजतात कशी आणि पंचनाम्यात शेतकऱ्याने काय नोंदवून घ्यावे, ते पुढच्या आठवड्यात.